बाभळीवरचे राखाडी पतंग

पतंगाचे कान पोटात असतात असं मी एकदा वर्गात सांगितलं, तर मुली इतक्या खिदळल्या की हेडबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला रागच आला. राग यायला मला तेव्हा फारसं निमित्त लागत नसे, आणि आता म्हातारी झाले तरी लागत नाही. पण मी सांगत होते त्यात तसूभर खोटं नव्हतं. ज्या पतंगांवर मी त्या वर्षांत काम करत होते त्यांच्या पोटाच्या मुळाशी, जिथं छाती संपते तिथं, दोन बाजूंना दोन खळगे असतात आणि त्यांवर ढोलकीच्या चामड्यासारखा ताणलेला पडदा असतो. अंधारात वटवाघूळ जवळ आलं की ते त्यांना या पडद्यातून कळतं. माणसाचं बोलणं त्यांना ऐकू जातं का, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नव्हता. तो प्रश्न मला दुसऱ्याच कोणी विचारला.

लढाईची वर्षं होती. नगर जिल्ह्यात, घोडेगावच्या बाजारापासून थोड्या आतल्या एका गावात मिशनची मुलींची शाळा होती. तिथं मी शास्त्र आणि चित्रकला शिकवत असे आणि आवारातल्याच कडेच्या खोलीत एकटी राहत असे. लग्न झालं नव्हतं. होण्याची चिन्हंही नव्हती, कारण जिच्या पिशवीत रुमालाऐवजी डबीभर मेलेले पतंग निघतात तिला बघायला आलेली मंडळी चहा संपायच्या आतच उठतात. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला बंगला होता आणि त्यात एक म्हातारे अमेरिकन पाद्री राहत. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. निवृत्त झाले होते, पण लढाईमुळे बोट मिळेना म्हणून इथंच अडकले होते. उपदेश करून थकलेला हा माणूस पतंगांच्या बाबतीत मात्र अजिबात थकलेला नव्हता. आयुष्यभर जमवलेले पतंग त्यांनी बुचाच्या पेट्यांत टाचून ठेवले होते. आता त्यांचे हात कापायला लागले होते, आणि माझा हात चित्रामुळे स्थिर होता. म्हणून शाळा सुटली की मी बंगल्यावर जायची.

त्यांचा जीव एकाच प्रश्नात अडकला होता. आमच्याकडच्या बाभळींवर जे राखाडी पतंग वाढतात ते एका जातीचे की दोन? वरून बघाल तर सगळे सारखे. राखेच्या रंगाचे पंख, त्यांवरून आडव्या गेलेल्या तपकिरी रेघा, आणि भिंतीवर बसले की पंख पसरून असे चिकटून बसतात की भिंतीवर डाग पडलाय असं वाटावं. त्या सबंध प्रजातीचं शास्त्रीय नावच मुळी ग्रीक भाषेतल्या राखेवरून पडलेलं आहे, टेफ्रिना. यांची अळी म्हणजे उंटअळी. तिला पुढे पाय असतात आणि अगदी शेवटाला असतात, मधल्या अंगाला एकही नाही. त्यामुळे ती पाठीची कमान करून मागचं टोक पुढं आणते, मग पुढचं टोक टाकते, आणि वाटेल तिथं अशी मोजणी करत फिरते. हात लावला की डहाळीवर तिरपी उभी राहून काडीसारखी ताठ होते. पुष्कळदा मी काडी समजून अळी मोडली आहे आणि अळी समजून काडी घरी आणली आहे.

नराच्या मिशा पिसासारख्या आणि मादीच्या दोऱ्यासारख्या, एवढं कोणालाही दिसतं. पण जात ओळखायची तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. पोट मोडून घ्यायचं, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच तापवायचं. आतलं मांस, चरबी सगळं विरघळून जातं आणि नुसतं कवच उरतं. मग बारीक कुंचल्यानं ते साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि शेवटाला बघायचं. मादीला धरून ठेवायला नराला तिथं दोन पाती असतात. काहींच्या पातीला टोकाशी बारीक काटा होता, काहींच्या नव्हता. कडी एका दाराची आणि कोयंडा दुसऱ्या दाराचा असला तर बसत नाही, तसं हे. साहेब या भागांना खोकून ‘शेवटचे अवयव’ म्हणत आणि खिडकीबाहेर बघत. मी अविवाहित बाई म्हणून त्यांना संकोच, आणि मला त्यांच्या संकोचाचं हसू.

एक मात्र खरं. ते धुतलेलं कवच काचपट्टीवर बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. कडी न् कडी जागच्या जागी, कानांचे खळगेसुद्धा शाबूत, आणि आत कोणी नाही. मी ख्रिस्ती घरात वाढले, आत्मा म्हणजे काय हे मला पाठ होतं, पण त्या काचेवर बघताना पाठ केलेलं काही आठवत नसे. लढाईपूर्वी साहेब हे नमुने विलायतेला पाठवत आणि तिथले लोक निवाडा देत. आता बोटी बुडत होत्या. निवाडा आम्हालाच करायचा होता.

आवाराच्या कुंपणाला लागून एका मावशींचं घर होतं. शेतकऱ्याचं मातीचं घर, पुढं पडवी, मागच्या भिंतीला टेकून एक जुनी बाभळ. मावशींना नवरा नव्हता. एकुलता मुलगा पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या बाजूला गेलेला. घरात त्या आणि सून. सून माझ्याच वयाची, रोज सकाळी मला दूध घालायची आणि उंबऱ्यात बसून माझे पतंग बघत तोंड वाकडं करायची. मला गावात मैत्रीण म्हणावी अशी ती एकच होती.

मग पलटणीकडून कळवणं आलं की मुलगा बेपत्ता आहे. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. भावकीतली माणसं पडवीत बसून म्हणाली, इतके महिने झाले, आता विधी उरकून टाका, पोरीचं कुंकू पुसा, उगाच अपशकून कशाला. मावशी उसळून म्हणाल्या, “तिच्या कपाळाला हात लावंल त्येचा हात ऱ्हानार न्हाई.” माणसं उठून गेली. पण ती गेल्यावर मावशी स्वतःच सुनेच्या कपाळाकडे टक लावून बघत बसायच्या. सून मला म्हणाली, “आत्याबाई कवा काय ठरवत्याल, मला झोप न्हाई लागत.”

घरात मुलगा झोपायचा तो कोपरा मावशींनी तसाच ठेवला होता. वळकटी भिंतीशी उभी, आणि तेवढी जमीन न सारवलेली. बाकी घर दर आठवड्याला शेणानं सारवून गुळगुळीत व्हायचं, पण त्या कोपऱ्याला त्या सुनेला हात लावू देत नसत. तिथं त्याच्या पायाची माती आहे म्हणायच्या. पावसाळा सरत आला तेव्हा बाभळीवर अळ्या मायंदाळ झाल्या होत्या. आणि त्यानंतर काही दिवसांनी त्या कोपऱ्याच्या भिंतीवर राखाडी पतंग दिसायला लागले. रोज सकाळी एखाददुसरा. दुसऱ्या भिंतीवर नाही, चुलीकडे नाही, फक्त तिथंच.

“आत्याबाई भिताडाशी बोलत्यात,” सून मला म्हणाली.

मी बघायला गेले. भर दुपार होती, पण कोपऱ्यात उजेड पोचत नव्हता. मावशी वळकटीशी मांडी घालून बसल्या होत्या आणि वर एक पतंग पंख पसरून बसला होता. त्या हळू आवाजात त्याला गाय व्यायल्याचं सांगत होत्या. कालवड झाली म्हणून. मला बघून त्या थांबल्या नाहीत, उलट विचारलं, “बाई, ह्येला प्वाटात कान आस्त्यात म्हनं. तुमीच सांगितलंय पोरींना. मंग मी बोलती ते जातं का ऐकू?”

एरवी मी फाडकन उत्तर दिलं असतं. पण त्या वेळी तो पतंग किंचित सरकला, अगदी नखभर. “ठाऊक नाही, मावशी,” एवढंच म्हणाले. शास्त्राप्रमाणेही तेच उत्तर बरोबर होतं, पण मी शास्त्राला स्मरून दिलं नव्हतं. मी घाबरले होते.

आमच्या भागात कोणी गेलं की शेवटचा श्वास सोडला त्या जागी पीठ पसरतात, त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळी उचलून बघतात. पिठात जी खूण उठेल त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते समजायचं. पाखराचं पाऊल, मुंगीची रांग, काहीही. आमच्या घरात दोन पिढ्यांपासून बाप्तिस्मा झालेला, पण या पिठाचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जायची, हसायची मात्र नाही. मावशींनी हे उलटं करायचं ठरवलं. मेला की नाही तेच ठाऊक नसताना त्यांनी अमावास्येला दिवेलागणीला त्या कोपऱ्यात ज्वारीचं पीठ चाळून घातलं, हातानं सारखं केलं आणि टोपली पालथी घातली. पीठ कोरं राहिलं तर तो जगतोय. खूण उठली तर गेला, आणि सुनेचं कुंकू गेलं. असं आजवर कोणी केलेलं नव्हतं, पण त्यांना अडवणार कोण?

तांबडं फुटता फुटता सून कुंपण ओलांडून माझ्या दाराशी आली. पायात काही नव्हतं, बाभळीचा काटा भरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. “बाई, चला,” एवढंच म्हणाली.

टोपली बाजूला पडली होती. पीठ जवळजवळ तसंच गुळगुळीत होतं. फक्त मधोमध एक भोक होतं, कडा वर उचललेल्या, म्हणजे खालून काहीतरी वर आलेलं. तिथून बारीक टिंबांची एक ओळ वाकडीतिकडी कडेपर्यंत गेली होती. आणि कडेशी पिठात लाल थेंब होते. पिठानं ते शोषून घेतले होते आणि भोवती तांबूस कडं उमटलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ भयंकर गोष्टी पाहिल्या, पण त्या पांढऱ्या पिठातले ते थेंब अजून विसरले नाही.

मावशी रडत नव्हत्या. “परमुलखात मातीत घातला आसंल,” त्या म्हणाल्या. “तितनं आला. आन् ह्ये त्येचं रगात.”

मी टोपली उलटी करून बघितली. आतल्या बाजूला, विणीला धरून, पतंग होता. पंख नुकते पसरलेले, अजून ओलसर. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाभळीवरची अळी पोट भरलं की खाली उतरते आणि मऊ मातीत शिरून कोष करते. सारवलेल्या जमिनीत तिला शिरता येत नाही. त्या घरात भुसभुशीत माती एकाच जागी होती, जिथं आईनं मुलाच्या पायाची माती राखली होती तिथं. म्हणून पतंग त्याच भिंतीवर. मी भोकात बोट घालून कोषाचं रिकामं तपकिरी टरफल बाहेर काढलं.

“त्येची जागा उकरू नगा!” मावशी ओरडल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी सगळं समजावून सांगितलं. थेंब रक्ताचे नाहीत, कोषातून निघालेला पतंग पंख पसरल्यावर पोटात साचलेलं पाणी टाकतो, ते यांच्यात तांबूस असतं. मावशी ऐकून घेत होत्या. मला वाटलं, पटलं. पण त्या म्हणाल्या, “पतंग हाय ते मला बी दिसतंय, बाई. पर पतंग हाय कोन?” सून दाराला टेकून उभी होती आणि तिनं दोन्ही हात पदरात घेतले होते, बांगड्या दिसू नयेत असे. माझा जीव कळवळला.

“प्रत्येक पतंग असाच थेंब टाकतो, मावशी,” मी म्हणाले. “एकूण एक.”

“परत्येक?”

“प्रत्येक.”

“मंग दावा मला. तवर मी भावकीला बोलवत न्हाई.”

बंगल्यावर साहेबांची कोषांची पेटी होती. बाभळीच्या बुडाची माती चाळून मी ते कोष गोळा केले होते. त्यांतून नर-माद्या निघाल्या की त्यांची पोटं उघडून एक जात की दोन हे ठरणार होतं. मी पेटी मागितली तेव्हा साहेबांनी ती आधी स्वतःकडे ओढून घेतली. “बाई, हे हातचे गेले तर मला पुन्हा वर्षभर थांबावे लागेल,” ते म्हणाले, “आणि माझ्यापाशी किती वर्षे आहेत ते प्रभूलाच ठाऊक.” मग त्यांनीच झाकणाला जाळी ठोकून दिली. वर विषाची बरणीही माझ्या हातात ठेवली, म्हणजे निघालेले पतंग लगेच मारून परत आणता येतील.

पेटी मी मावशींच्या पडवीत ठेवली. कोषांच्या मातीवर पीठ पसरलं आणि रोज संध्याकाळी आम्ही तिघी तिच्याभोवती बसू लागलो. काही होईना. सून एकदा मला कानात म्हणाली, “बाई, न्हाईच निगाले तर?” मी तिच्यावर खेकसले, कारण मीही तेच मनात म्हणत होते.

एक दिवस आभाळ भरून आलं, हवा कोंदली, आणि गुरं घरी येण्याच्या वेळेला पीठ हललं. आधी एका जागी. बारीकसं वर उचललं, फुटलं, आणि त्यातून पंखांची चुरगळ अंगाला चिकटलेला एक ओला जीव बाहेर आला. मग दुसरीकडे. मग कोपऱ्यात, मग मध्ये, मग आम्हाला बघायला पुरेना. सबंध पीठ जागोजागी उघडत होतं आणि आवाज मात्र काडीचाही नव्हता. ते चालत चालत जाळीवर चढले आणि खाली पोट सोडून लोंबकळले. पंख हळूहळू उतरत गेले, राखेचा रंग भरत गेला. मग थेंब पडायला लागले. एक इथं, एक तिथं. बघता बघता पांढरं पीठ लाल टिपक्यांनी भरून गेलं. मी हे कितीदा पाहिलं होतं, पण पिठावर कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

“बघा,” मी म्हणाले. “प्रत्येक जण टाकतो की नाही?”

पेटीवर ओणवून मावशी एकेका थेंबाकडे बघत होत्या. मग खोल गेलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “आगं आय आय आय. येवढी पोरं?”

सुनेनं तोंडावर पदर घेतला. माझा पुरावा कुठल्या कुठं गेला होता. त्यांच्या डोळ्यांना तिथं ब्रह्मदेशाची माती दिसत होती, आणि तिच्यातून घरी निघालेले कोणाकोणाचे मुलगे. खरं सांगते, क्षणभर मलाही तेच दिसलं.

अंधारून यायच्या आत पतंग गोळा करायला हवे होते. साहेब वाट बघत असणार. काहीतरी करायला मिळालं याचं मला बरंच वाटलं. मी बरणीचं बूच काढलं आणि जाळी एका कोपऱ्यात उचलली. मावशींनी बरणीच्या तोंडावर हात ठेवला.

“काय करनार?”

“मारून नेणार, मावशी. पोट उघडल्याशिवाय ओळखता येत नाहीत.”

“वळखता येत्यात तुमाला?”

“जात ओळखता येते.”

“मंग ह्यातला माजा कंचा त्यो सांग,” मावशी म्हणाल्या. मला अहोजाहो करणाऱ्या मावशी पहिल्यांदाच एकेरीवर आल्या होत्या, पण त्यात राग नव्हता. लेकीला विचारावं तसं विचारत होत्या. “त्यो बाजूला काड. बाकीचं समदं ने.”

मी पेटीत बघितलं. वाटेल ते सांगता आलं असतं. एकही तुमचा नाही, असं ठणकावून सांगायला मी आले होते, पण त्या लोंबकळणाऱ्या सारख्या राखाडी जिवांकडे बघताना ते माझ्या तोंडून निघेना. “मला नाही सांगता येत, मावशी,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी बरणीचं बूच माझ्या हातातून घेतलं आणि घट्ट लावलं. मग सगळी जाळी उचलून बाजूला ठेवली. पतंग काही वेळ तसेच बसून राहिले. मग एक उडाला, पाठोपाठ दुसरे, आणि पडवीतून बाहेर निघून बाभळीकडे दिसेनासे झाले. शेवटचा जाईपर्यंत मावशी उभ्या होत्या. साहेबांचा एक जात की दोन हा प्रश्न त्या पतंगांबरोबर गेला.

“वळख पटली न्हाई,” मावशी म्हणाल्या. आम्हाला नव्हे, जणू भावकी पुढं बसलीय असं समजून म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. पदरानं डोळे पुसता पुसता तिच्या कपाळावरचं कुंकू भिवयांपर्यंत पसरलं होतं.

“दिवा लाव,” त्या म्हणाल्या. “आन् कुक्कू फिसकटलंय बग तुजं. नीट लावून यी.”